रक्तगटाचा डीएनए रिपोर्ट एक सांगतो, ट्यूबमधली टेस्ट दुसरंच : तपासायला सुरुवात कुठून करायची

तोच प्रॉब्लेम फिरून फिरून समोर येतो, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय. पेशंटचा किंवा डोनरचा रक्तगट नेहमीसारखा अँटीसेरा (ठरावीक अँटीजेन, म्हणजे पेशीवरची खूण, पकडणाऱ्या अँटीबॉडीचा द्रव) टाकून बघितला तर एक येतो, जीन तपासायला पाठवलं तर भलताच येतो, आणि मग दोन्ही कागद टेबलावर ठेवून सगळे एकमेकांकडे बघत बसतात. पहिला विचार हमखास हाच येतो की काहीतरी दुर्मिळ सापडलं. कधी कधी खरंच तसं असतं. पण बऱ्याचदा उत्तर त्याच्या खूप अलीकडे असतं, सॅम्पलच्या नळीत, पेशंटच्या हिस्टरीत, नाहीतर आपलं किट काय बघतं आणि काय बघतच नाही यात. म्हणून स्वस्त गोष्टी आधी आणि महागडं सिक्वेन्सिंग शेवटी, हा क्रम सोडू नका, घाई असेल तर अजिबातच सोडू नका.

सगळ्यात आधी एक गोष्ट. पेशंटला आत्ता रक्त लागत असेल तर पुढचं वाचत बसू नका, ट्रान्सफ्यूजन मेडिसिनच्या डॉक्टरांना फोन करा. जीनोटाइप हा अंदाज असतो, जीन बघून लाल पेशीवर काय असेल त्याचा. पेशीवर खरंच काय आहे आणि प्लाझ्मात कुठली अँटीबॉडी आहे हे सेरॉलॉजीच, म्हणजे ट्यूबमधली टेस्टच सांगते, आणि पिशवी जाते ती क्रॉसमॅच (डोनरच्या पेशी पेशंटच्या प्लाझ्माला चालतात का ते) बघून.

लक्षणं : हा प्रॉब्लेम कसा दिसतो

- फॉरवर्ड (पेशीवर काय आहे) आणि रिव्हर्स (प्लाझ्मात कुठली अँटीबॉडी आहे) ग्रुपिंग जुळत नाही. फॉरवर्डला ओ दिसतो पण रिव्हर्समध्ये अँटी-ए नाही किंवा फारच कमकुवत आहे.
- फॉरवर्डला ओ, रिव्हर्समध्ये ए सेल, बी सेल आणि ओ सेलसुद्धा जोरात क्लम्प होतायत, म्हणजे गुठळ्या होतायत, ऑटोकंट्रोल (पेशंटच्याच पेशी आणि प्लाझ्मा एकत्र) मात्र निगेटिव्ह.
- अँटी-डी (आरएच पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते बघणारा अँटीसेरा) एका कंपनीचा लावला तर पॉझिटिव्ह, दुसऱ्याचा लावला तर निगेटिव्ह, किंवा रिअ‍ॅक्शन १+ वर, म्हणजे कमकुवत, अडकते.
- डीएनए रिपोर्ट म्हणतो अँटीजेन आहे, पेशी म्हणतात नाही. एबीओ आणि आरएचखेरीजच्या गटांतले डफी बी, एस, कधी कधी किड या अँटीजेनमध्ये हे जास्त दिसतं.
- उलटं पण होतं, पेशीवर अँटीजेन स्पष्ट आहे आणि डीएनएमध्ये सापडत नाही. आरएच गटातल्या मोठ्या सी अँटीजेनमध्ये हे बघितलं असेल.
- पेशंट डी पॉझिटिव्ह, तरी त्याच्या प्लाझ्मात अँटी-डी.
- आई एबी आणि मूल ओ, किंवा दोघं आईवडील ओ आणि मूल ए.

शेवटच्या लक्षणाबद्दल इथेच सांगतो. असा रिपोर्ट आला की नातेवाइकांसमोर एक शब्दही बोलू नका. सिस-एबी म्हणजे ए आणि बी दोन्हीचं काम करणारी जीनची एकच कॉपी (प्रत्येक जीनच्या दोन असतात, आई आणि वडिलांकडून एकेक), ती असली की दुसऱ्या कॉपीवर ओ असू शकतो आणि एबी आईला ओ मूल अगदी रीतसर होतं. तसंच आईवडिलांपैकी एकाचा "ओ" हा खरा ओ नसून बॉम्बे गट (ए आणि बी ज्यावर बनतात तो एच अँटीजेनच नसलेला गट) असेल तर त्याच्याकडे ए जीन लपून बसलेला असू शकतो आणि तो मुलाकडे जातो. रक्तगटाच्या एका कागदावरून घरं तुटलेली आहेत, आणि त्या कागदावर जे लिहिलं होतं ते अर्धवट होतं. हे मनावर कोरून ठेवा.

पहिली तपासणी : नळी आणि नाव (खर्च शून्य)

नवीन सॅम्पल मागवा. जुन्याच नळीतून परत टेस्ट करणं म्हणजे तपासणी नव्हे, कारण नळीवरचं नावच चुकलं असेल तर तोच चुकीचा निकाल तुम्ही दहा वेळा पक्का कराल. नवीन सॅम्पल, वेगळ्या वेळी, जमलं तर वेगळ्या माणसाने काढलेलं, आणि त्यावर सेरॉलॉजी आणि डीएनए दोन्ही एकाच नळीतून. हे वाक्य परत वाचा, दोन्ही एकाच नळीतून. बरेचसे "दुर्मिळ व्हेरियंट" इथेच मिटतात, कारण सेरॉलॉजी सोमवारच्या सॅम्पलवर झालेली असते आणि डीएनए गुरुवारच्या, आणि त्यातलं एक दुसऱ्याच माणसाचं असतं.

नळीच्या झाकणाचा रंग पण बघून घ्या. डीएनएसाठी ईडीटीएची जांभळी नळी हवी. हिरव्या झाकणाची हेपरिनची आली असेल तर हेपरिन पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती वाढवायची टेस्ट) अडवतं, आणि अडलेला पीसीआर दिसायला अगदी "अँटीजेन नाही" सारखाच दिसतो.

दुसरी तपासणी : हिस्टरी (खर्च एक फोन)

फॉर्मवर हिस्टरीच्या रकान्यात आडवी रेघ मारलेली असते, ती खरी मानू नका. वॉर्डला फोन करा आणि हेच प्रश्न विचारा.

गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त दिलंय का? दिलं असेल तर पेशंटच्या नळीत त्याच्या आणि डोनरच्या पेशी मिसळलेल्या असतात, सेरॉलॉजीत मिक्स्ड फील्ड (काही पेशी चिकटलेल्या, काही सुट्या) येतं आणि तुम्ही अर्धा वेळ डोनरचाच गट वाचत असता. थॅलेसेमिया, सिकल सेल वगैरे ज्यांना सारखं रक्त लागतं त्यांच्यात सेरॉलॉजीने पूर्ण प्रोफाइल काढणं त्यामुळेच जवळपास अशक्य होऊन बसतं. इथे डीएनएचा आधार मोठा आहे, डोनरच्या पांढऱ्या पेशी इतक्या थोड्या उरतात की नेहमीच्या पीसीआरमध्ये त्या दिसत नाहीत. म्हणजे अशा पेशंटमध्ये दोन रिपोर्ट जुळत नसतील तर आधी संशय सेरॉलॉजीवर घ्या.

स्टेम सेल ट्रान्सप्लांट झालंय का? झालं असेल तर गणित पूर्ण उलटं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आता डोनरच्या, त्यामुळे रक्तातून काढलेला डीएनए डोनरचा. मग लोक गालाच्या आतून स्वॅब घेतात आणि वाटतं की सुटलो, पण लाळेत आणि त्या स्वॅबमध्ये सुद्धा डोनरच्या पांढऱ्या पेशी येतातच, निकाल मिक्स येतो. पेशंटचा स्वतःचा मूळ डीएनए हवा असेल तर केसांची मुळं किंवा नखं जास्त भरवशाची.

औषधं कुठली चालू आहेत? मायलोमाच्या पेशंटला डाराटुमुमॅब चालू असेल तर लाल पेशीवर थोडं सीडी३८ हे प्रोटीन असतं त्याला ते चिकटतं आणि स्क्रीनिंगमधली प्रत्येक सेल पॉझिटिव्ह येते. डीटीटी हे रसायन वापरून ते घालवता येतं पण डीटीटीने केल गटाचे अँटीजेनही मोडतात, म्हणून तिथे के (केल गटातला एक अँटीजेन) निगेटिव्ह रक्त द्यायची पद्धत आहे. अशा पेशंटचं जीनोटाइपिंग औषध सुरू व्हायच्या आधी, किंवा नंतर कधीही करून ठेवलं तर पुढचा बराच त्रास वाचतो, औषधाने डीएनए बदलत नाही.

आजार कुठला आहे? ल्युकेमियात ए किंवा बी अँटीजेन कमकुवत होतात, आजार आटोक्यात आला की परत येतात. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये किंवा तिथल्या इन्फेक्शनमध्ये बॅक्टेरियाच्या एन्झाइममुळे ए गटाच्या माणसात बीसारखी रिअ‍ॅक्शन यायला लागते. दोन्ही ठिकाणी जीन जसा आहे तसाच आहे, डीएनए रिपोर्ट बरोबर, आणि पेशी तात्पुरतं वेगळं सांगतायत.

वय किती? नवजात बाळाच्या रिव्हर्स ग्रुपिंगला अर्थ नसतो, त्याने स्वतःच्या अँटीबॉडी बनवायला अजून सुरुवातच केलेली नसते. खूप वयस्कर माणसातही त्या मंदावतात.

तिसरी तपासणी : सेरॉलॉजी नीट परत करा (खर्च थोडा)

डीएनएवर पैसे घालायच्या आधी हे झालंच पाहिजे, कारण पुढे कुठला जीन बघायचा हे इथेच ठरतं. पेशी धुऊन घ्या, सस्पेन्शन ताजं करा, ऑटोकंट्रोल आणि डायरेक्ट कूम्ब्स लावा. डायरेक्ट कूम्ब्स पॉझिटिव्ह असेल तर पेशीवर आधीच अँटीबॉडी बसलेली आहे आणि कूम्ब्सने वाचलेला कुठलाही अँटीजेन खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. कोल्ड अँटीबॉडीचा संशय असेल तर ३७ डिग्रीच्या सलाइनने धुऊन परत बघा.

ए कमकुवत वाटत असेल तर अँटी-ए१ लेक्टिन (अँटीबॉडीसारखं पकडणारं, वनस्पतीतून काढलेलं प्रोटीन) लावा. डीचा घोळ असेल तर किमान दोन वेगळ्या क्लोनचे अँटी-डी लावा आणि किटचा कागद वाचा, कारण पेशंटसाठीचे बरेच आयजीएम अँटी-डी मुद्दाम असे निवडलेले असतात की ते डी सहा हा पार्शियल (डीचा काही भागच नसलेला) प्रकार पकडत नाहीत, आणि डोनरसाठी कूम्ब्सपर्यंत नेलेली टेस्ट तोच प्रकार पकडते. म्हणजे तोच माणूस रक्तदान करताना पॉझिटिव्ह आणि पेशंट म्हणून निगेटिव्ह, आणि दोन्ही ठिकाणी लॅबने बरोबरच केलेलं असतं. त्याला दुर्मिळ गटाचा शोध लागला असं समजवत बसू नका, त्याला हे नीट समजावून सांगा.

ओ सेलसुद्धा क्लम्प होत असतील आणि ऑटोकंट्रोल निगेटिव्ह असेल तर अँटी-एच लेक्टिन लावा, ज्या झुडपापासून ते बनतं त्याचं नाव युलेक्स युरोपियस. ओ पेशींवर एच भरपूर असतो, त्यामुळे खऱ्या ओ गटात हे लेक्टिन जोरात पकडतं. अजिबात पकडलं नाही तर तुमच्यासमोर बहुधा बॉम्बे गट आहे, जो भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईतून पहिल्यांदा कळवला. इथे थांबायचं आणि वर कळवायचं. बॉम्बे गटाच्या माणसाला ओ रक्त चालत नाही, त्याच्या प्लाझ्मातली अँटी-एच शरीराच्या तापमानाला काम करते आणि ओ पेशी फोडते. फक्त बॉम्बे गटाचंच रक्त. लेक्टिनची ही टेस्ट काही मिनिटांची आहे आणि जीव वाचवणारी आहे, तरी ती कितीतरी ठिकाणी ठेवलेलीच नसते याचं मला खरंच वाईट वाटतं.

किडमध्ये दोन्ही अँटीजेन निगेटिव्ह दिसत असतील तर एक स्वस्त युक्ती आहे, २ मोलर युरिया. नेहमीच्या लाल पेशी त्यात मिनिटभरात फुटतात, किड नल पेशी बराच वेळ टिकून राहतात, कारण किड प्रोटीन हेच मुळात युरिया आत-बाहेर नेणारं प्रोटीन आहे. डीएनएशिवाय इतकं स्पष्ट उत्तर क्वचित मिळतं.

चौथी तपासणी : डीएनए चांगला आहे का, कंट्रोल चाललेत का

आता डीएनएच्या बाजूला येऊ. आधी रीडिंग बघा, २६० भागिले २८० हा रेशो १.८ च्या आसपास हवा. बराच खाली असेल तर प्रोटीन राहिलंय, आणि २६०/२३० पडलेला असेल तर एक्स्ट्रॅक्शनचं मीठ किंवा केमिकल राहिलंय. हिमोग्लोबिन राहिलं तरी पीसीआर अडतो, डीएनएचा गोळा लालसर-तपकिरी दिसला तर परत धुवा.

मग जेल, ज्यावर डीएनएचे तुकडे पट्ट्यांसारखे (बँड) दिसतात. प्रायमर-स्पेसिफिक पीसीआरमध्ये (प्रायमर म्हणजे ठरावीक जागी चिकटून कॉपी सुरू करणारा डीएनएचा छोटा तुकडा) प्रत्येक ट्यूबमध्ये दोन बँडची सोय असते, एक आपल्याला हव्या त्या जीनच्या प्रकाराचा, म्हणजे अ‍ॅलीलचा आणि एक इंटर्नल कंट्रोलचा, बऱ्याचदा ग्रोथ हॉर्मोनच्या जीनचा तुकडा. अ‍ॅलीलचा बँड नाही आणि कंट्रोलचा स्वच्छ आहे, तर "नाही" म्हणता येतं. दोन्ही नाहीत तर ती ट्यूब फेल आहे, निगेटिव्ह नाही. आणि कंट्रोल धूसर, जेमतेम दिसतोय, शेजारच्या लेनपेक्षा निम्मासुद्धा नाही, अशी लेन सगळ्यात फसवी, कारण संध्याकाळी फोटो बघताना डोळा तिला "आहे की बँड" म्हणून सोडून देतो. अशी लेन सरळ रद्द करा, डीएनए दहापट पातळ करून परत लावा. अडथळा आणणारं काही त्यात असेल तर पातळ केल्यावर बँड उजळतो, हे उलटं वाटतं पण असंच होतं.

ज्या ट्यूबमध्ये डीएनए टाकलाच नाही त्यात बँड आला तर तो पूर्ण रन टाकून द्या. त्यातला एखादा निकाल "बरोबर वाटतोय" म्हणून ठेवू नका. आधीच्या रनचं वाढवलेलं प्रॉडक्ट हवेतून, पिपेटमधून आलंय, मास्टर मिक्स बनवायची जागा आणि जेल लावायची जागा वेगळी नसेल तर हे होत राहणार. आणि दर रनला माहीत असलेला एक हेटेरोझायगस (दोन कॉपी वेगळ्या असलेला) सॅम्पल कंट्रोल म्हणून लावा, नुसता पॉझिटिव्ह पुरत नाही, कारण एक कॉपी गळते आहे का हे हेटेरोझायगसमध्येच कळतं.

पाचवी तपासणी : किट नेमकं काय बघतं

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला हवा आणि सगळ्यात कमी इथेच दिला जातो. पीसीआर किट, बीड अ‍ॅरे, रिअल टाइम, मास स्पेक्ट्रोमेट्री, नाव काहीही असो, ही सगळी जीनमधल्या ठरावीक जागा बघतात. घराच्या मोजक्या खिडक्यांतून आत डोकावण्यासारखं आहे ते, ज्या खोलीला खिडकी नाही तिथे काय चाललंय ते कळणारच नाही. किटचा कागद काढा, बघितलेल्या जागांची यादी करा, आणि मग आपल्या घोळाशी ताडून बघा.

डफी घ्या. डफी ए आणि बी यात जीनमध्ये एकाच अक्षराचा फरक, किट तो बघतं आणि "डफी बी आहे" म्हणतं. पण प्रोमोटरमध्ये (जीन चालू करणाऱ्या भागात) वजा ६७ या जागी टीचा सी झाला असेल तर गाटा-१ हे जीन चालू करणारं प्रोटीन तिथे बसू शकत नाही आणि लाल पेशीत तो जीन चालूच होत नाही. आफ्रिकन वंशाच्या लोकांत हे खूप आढळतं, व्हायवॅक्स मलेरियाचा जंतू त्यांच्या लाल पेशीत सहसा शिरत नाही तो यामुळेच. किट ही जागा बघत नसेल तर रिपोर्ट चुकणारच. बदल फक्त लाल पेशीपुरता आहे, शरीरात इतरत्र डफी बी असतो, म्हणून हे लोक सहसा अँटी-डफी बी बनवत नाहीत. म्हणजे हा तपशील नुसता अकॅडमिक नाही, कुठलं रक्त चालेल हे त्यावर ठरतं.

सी अँटीजेनचं वेगळंच. आरएचसीई (सी आणि ई अँटीजेनचा जीन) यातल्या मोठ्या सीचा एक्झॉन २ (एक्झॉन म्हणजे जीनमधला प्रोटीनचा कोड असलेला भाग) हा आरएचडीच्या (डीच्या जीनच्या) एक्झॉन २ सारखाच असतो, त्यामुळे थेट ओळखणं कठीण, मग बरीच किट इन्ट्रॉन २ (दोन एक्झॉनच्या मधला भाग) मधला १०९ बेसचा जादा तुकडा शोधतात. पण आफ्रिकन वंशात एक हायब्रिड जीन असतो, आरएचडीच्या मधले काही एक्झॉन आरएचसीईचे झालेले, तो कमकुवत सी बनवतो आणि त्याच्याजवळ तो १०९ चा तुकडा नसतो. पेशी म्हणतात सी आहे, किट म्हणतं नाही. इथे पेशी बरोबर. शिवाय हा सी पूर्ण नसतो, नेहमीचं सी पॉझिटिव्ह रक्त दिलं तर असा पेशंट अँटी-सी बनवू शकतो.

एसमध्ये, त्याच्या जीवायपीबी जीनच्या स्प्लाइसिंगच्या (एक्झॉन जोडायच्या) जागी बदल असेल तर एसचं अक्षर तसंच राहतं आणि प्रोटीन बनत नाही किंवा अगदी किरकोळ बनतं. डीएनए "एस आहे" म्हणणार, पेशी "नाही".

आणि आरएचडी. काही जुन्या टेस्ट एक-दोनच एक्झॉन बघतात. युरोपियन वंशात डी निगेटिव्ह म्हणजे बहुतेक वेळा पूर्ण जीनच गायब, तिथे चालून जातं. आफ्रिकन वंशात जीन जागेवर असतो पण एक्झॉन ४ मध्ये ३७ बेसचा तुकडा दुप्पट झालेला असतो आणि पुढे स्टॉप येतो, प्रोटीन शून्य. पूर्व आशियात १२२७ या जागी जीचा ए झालेला असतो, तिथे डी इतका कमी असतो की चिकटवून सोडवून, म्हणजे अ‍ॅडसॉर्प्शन-इल्यूशन करूनच सापडतो, याला डीईएल म्हणतात. म्हणून किमान तीन-चार एक्झॉन आणि तो ३७ बेसवाला स्यूडोजीन (निकामी जीन) न बघता "आरएचडी आहे, म्हणजे पॉझिटिव्ह" असं लिहू नका.

सहावी तपासणी : एक कॉपी गळते आहे का

प्रायमर जिथे चिकटतो बरोबर तिथेच पेशंटच्या एका कॉपीत वेगळं अक्षर असेल तर ती कॉपी वाढतच नाही. हेटेरोझायगस माणूस होमोझायगस (दोन्ही कॉपी सारख्या) दिसतो. कागदावर सगळं छान, कंट्रोल छान, आणि तरी चूक. ओळखायचं कसं, तर तोच भाग वेगळ्या प्रायमरने, किंवा सरळ वेगळ्या तत्त्वावर चालणाऱ्या टेस्टने परत बघायचा. दोन वेगळ्या पद्धती एकच उत्तर देत असतील तरच पुढे जा. त्याच किटने परत लावून काही सिद्ध होत नाही, तोच प्रायमर तिथेच परत अडणार.

सातवी तपासणी : सँगर सिक्वेन्सिंग

सँगर म्हणजे जीनची अक्षरं ओळीने वाचणं. इथून खर्च वाढतो, वेळही. एबीओ जीनला ७ एक्झॉन आहेत आणि एन्झाइमचं मुख्य काम ६ आणि ७ मध्ये, म्हणून सुरुवात या दोघांपासून. ए आणि बी एन्झाइममध्ये महत्त्वाची चारच अमिनो आम्लं वेगळी, १७६, २३५, २६६ आणि २६८ या जागांची. नेहमीच्या ओमध्ये २६१ नंबरचा एक जी गळालेला असतो आणि तिथून पुढे सगळी वाचनाची चौकट सरकते.

हा एक जी प्रत्यक्ष आलेखात कसा दिसतो ते सांगतो, कारण नवीन माणूस इथे हमखास अडतो. ए आणि ओ अशा दोन कॉपी असलेल्या माणसाचा एक्झॉन ६ उघडला की सुरुवातीला एकेक रंगाची सुटी, टोकदार शिखरं दिसतात, बेसलाइन स्वच्छ. मग जी-जी-टी येतं आणि त्यानंतर एकदम दोन-दोन रंगांची शिखरं एकाखाली एक, कारण ए कॉपीत पुढे जी-ए-सी-सी आहे आणि ओ कॉपीत तो जी नसल्याने लगेच ए-सी-सी. तिथून शेवटपर्यंत दोन ओळी एकमेकींवर छापल्यासारखं चालतं. बघणाऱ्याला वाटतं सॅम्पल खराब आहे, आणि ते फेकून परत लावलं जातं. सॅम्पल उत्तम असतं. उलट्या बाजूच्या प्रायमरने वाचा, मग घोळ २६१ च्या अलीकडे सरकेल आणि पुढचा भाग स्वच्छ वाचता येईल. सिक्वेन्सर हाताशी नसेल तर जुनी एन्झाइमची पद्धत आहे, हाच तुकडा ए-बी असेल तर बीएसटीई-२ कापतं आणि ओ असेल तर केपीएन-१.

हे पण लक्षात ठेवा, प्रत्येक ओमध्ये २६१ चा जी गळालेला नसतो. ८०२ च्या जागी बदल असलेला एक ओ आहे, त्याच्यात जी जागेवर असतो आणि फक्त २६१ बघणारं किट त्याला ए म्हणून मोकळं होतं.

सँगरची मोठी मर्यादा म्हणजे दोन्ही कॉपी एकत्र दिसतात. दोन बदल सापडले, पण दोन्ही एकाच कॉपीवर आहेत की एकेका कॉपीवर, हे आलेख सांगत नाही, आणि निकाल तर त्यावरच उभा असतो. इथे कुटुंब तपासणं सगळ्यात स्वस्त. आईवडिलांचं किंवा भावंडांचं सॅम्पल मिळालं तर महागड्या टेस्टशिवाय कोडं सुटतं. मात्र आधी त्यांना नीट समजावून, त्यांच्या संमतीने, आणि नात्याबद्दल काही अनपेक्षित निघालं तर काय करायचं ते आधीच ठरवून.

डी कमकुवत असेल तर आरएचडीचे दहाही एक्झॉन वाचा. वीक डी टाइप १, २ आणि ३ निघाले तर पेशंटला डी पॉझिटिव्ह धरता येतं, गरोदर बाईला अँटी-डी इंजेक्शनची गरज पडत नाही, हे अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१५ मध्ये स्पष्ट सांगितलं. पार्शियल डी निघाला तर उलट, तिला निगेटिव्हसारखं सांभाळायचं. एका सिक्वेन्सिंगवर एवढं ठरतं, म्हणून गरोदरपणातल्या १+ रिअ‍ॅक्शनला कधीही "सोडून द्या" म्हणू नका.

आठवी तपासणी : एक्झॉन स्वच्छ आहेत, तरी जुळत नाही

आता जीनच्या बाहेर आणि इन्ट्रॉनमध्ये बघायचं. एबीओच्या इन्ट्रॉन १ मध्ये एक एन्हान्सर आहे, लाल पेशी बनताना जीनला चालना देणारा. जपानमध्ये बीएम नावाच्या कमकुवत बीचं कारण वर्षानुवर्षं सापडत नव्हतं, सगळे एक्झॉन नॉर्मल यायचे, २०१२ मध्ये कळलं की या एन्हान्सरसकट ५.८ किलोबेसचा तुकडाच गायब आहे. एवढा तुकडा गेला तरी दुसरी कॉपी असतेच, सँगर ती वाचतो आणि सगळं ठीक दाखवतो.

उलटा प्रकार म्हणजे एखादा एक्झॉन दुप्पट होणं. भारतीय वंशाच्या लोकांतल्या वीक डीमध्ये आरएचडीचा एक्झॉन ३ आणि आजूबाजूचा भाग दुप्पट झालेला बऱ्याच जणांत आढळतो. एक्झॉन वाचले तर अक्षरं सगळी बरोबर, फक्त एकाच्या दोन प्रती. इथे कॉपी मोजणारी टेस्ट हवी, एमएलपीए किंवा डिजिटल पीसीआर.

एच नसेल तर एबीओमध्ये शोधण्यात अर्थ नाही, एफयूटी१ (लाल पेशीवरचा एच बनवणारा जीन) वाचा. भारतातल्या बॉम्बे गटात ७२५ च्या जागी टीचा जी आणि जोडीला एफयूटी२ (लाळेतला एच बनवणारा जीन) पूर्ण गायब, अशी जोडी नेहमीची. एफयूटी२ चालू असेल तर लाळेत एच, ए, बी मिळतात, ते पॅरा-बॉम्बे. सगळे लुथेरन अँटीजेन कमकुवत असतील तर केएलएफ१ हा जीन वाचा, सगळे केल कमकुवत असतील तर एक्सके, आरएचचं काहीच नसेल तर आरएचएजी. दोष एका जीनमध्ये आणि परिणाम दुसऱ्याच्या अँटीजेनवर.

नेक्स्ट जनरेशन सिक्वेन्सिंग (डीएनएचे असंख्य छोटे तुकडे एकदम वाचणं) लावलं की सगळं सुटेल असं बऱ्याच जणांना वाटतं. आरएचडी आणि आरएचसीई इतके सारखे आहेत की छोटे तुकडे एकाचे दुसऱ्यावर जाऊन बसतात आणि सॉफ्टवेअर नसलेले बदल दाखवतं, असलेले हायब्रिड लपवतं. आणि मानवी रेफरन्स जीनोममध्ये एबीओच्या जागी ओचा सिक्वेन्स आहे, त्यामुळे धडधाकट ए माणसाच्या यादीत २६१ ला "इन्सर्शन" येतं. हे माहीत नसलेला माणूस त्याला म्युटेशन समजतो. लाँग रीडने (लांब तुकडे वाचून) हायब्रिड आणि कॉपीचा प्रश्न बराच सुटतो, पण ते वाचणारा माणूस रक्तगटातला हवा, नुसता जीनोमिक्समधला पुरत नाही.

कुठे थांबायचं

पुढच्यापैकी काहीही दिसलं तर स्वतः प्रयोग थांबवा आणि इम्युनोहिमॅटॉलॉजीच्या रेफरन्स लॅबला कळवा. स्क्रीनिंगची प्रत्येक सेल पॉझिटिव्ह आणि ऑटोकंट्रोल निगेटिव्ह, म्हणजे बहुतेक सगळ्यांकडे असणाऱ्या अँटीजेनविरुद्ध अँटीबॉडी. अँटी-एच निगेटिव्ह. डी पॉझिटिव्ह पेशंटमध्ये अँटी-डी, आणि बाई गरोदर. आयएसबीटी या रक्तसंक्रमणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अ‍ॅलील यादीत किंवा आरएचेफरन्स या आरएच बदलांच्या डेटाबेसमध्ये नसलेला बदल. पद्धती बदलूनही दोन रिपोर्ट न जुळणं. बाळाला हिमोलिसिस होतोय आणि कारण सापडत नाही. अशा वेळी अजून एक किट मागवण्यात घालवलेला आठवडा पेशंटचा असतो.

जगभरातल्या दुर्मिळ डोनरची एक यादी ब्रिस्टलच्या इंटरनॅशनल ब्लड ग्रुप रेफरन्स लॅबोरेटरीत ठेवली जाते, तिथपर्यंत पोचायचं ते रेफरन्स लॅबमार्फत. पेशंटच्या सख्ख्या भावंडांचं ग्रुपिंग मात्र लगेच करून घ्या, दोघांना त्याच दोन कॉपी मिळायची शक्यता चारात एक असते, जगात शोधण्याआधी घरात शोधा.

तोपर्यंत पेशंटचा रेकॉर्डवरचा गट डीएनए रिपोर्टवरून बदलू नका. "तपास चालू, रक्त देण्याआधी ब्लड बँकेशी बोला" एवढी नोंद ठळक करा आणि शिफ्ट बदलताना पुढच्या माणसाला तोंडी पण सांगा.

सॅम्पल पाठवताना ईडीटीएच्या दोन नळ्या, एक साधी नळी सीरमसाठी, ट्रान्सफ्यूजनच्या तारखा, औषधं, गरोदरपणाची हिस्टरी, वंश किंवा कुटुंबाचं मूळ ठिकाण माहीत असेल तर ते, वापरलेल्या अँटीसेराचं क्लोन आणि लॉट नंबर, रिअ‍ॅक्शनची ताकद १+ ते ४+ अशी लिहून, जेलचा मूळ फोटो आणि सिक्वेन्सिंगची कच्ची फाइल. नुसता छापील निकाल पाठवू नका, त्यावरून तिकडच्या माणसाला काहीच तपासता येत नाही आणि ते परत पहिल्या पायरीपासून सुरू करतात.